एक दशांश मायक्रॉनच्या आड

साहेब, तुम्ही लपलात. गोवराच्या एका विषाणूच्या आड लपलात. चौकशी समितीचे अध्यक्ष, दोन सदस्य, सचिव, तुमचे गोल शिक्के, एवढा सगळा लवाजमा एक दशांश मायक्रॉनच्या मागे मावला कसा, याचंच नवल आहे. तुमच्या हॉस्पिटलात माणूस मेला आणि तुम्ही लिहिलंत, विषाणू फार बारीक असतो. तरीही जागा अपुरी पडली असावी, म्हणून पुढे आडोशाला एक आयाबाई उभी केलीत.

ही गोष्ट त्या बाईच्या धाकट्या भावाची आहे. त्याला सगळे मायक्रॉन म्हणत. बुटाच्या खोक्याएवढं यंत्र खांद्याला अडकवून तो हॉस्पिटलं आणि औषधांचे कारखाने फिरायचा आणि हवेतले कण मोजायचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. केस सत्तर मायक्रॉन जाड, रक्तातली तांबडी पेशी सात, सर्दीवाल्याच्या खोकल्यातला बारीक थेंब पाच. ही मापं त्याच्या तोंडात अशी बसलेली, की बायको भाजी चिरताना म्हणायची, "किती मायक्रॉनची चिरू ते एकदा सांगा." वीस वर्षं न दिसणाऱ्या गोष्टी मोजल्यामुळे दिसणाऱ्या गोष्टींवर त्याचा विश्वास राहिला नव्हता. चकचकीत फरशी दिसली की तो आधी कोपऱ्यात बोट फिरवून बघायचा.

त्याची थोरली बहीण हॉस्पिटलात आया होती. तिथे तिला सगळे मावशी म्हणत, हा ताई म्हणे. गुरुवारी दुपारी ती प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद घेऊन त्याच्या घरी आली, चप्पल दारात न काढताच आत आली आणि कागद टेबलावर आपटला.

"वाच. मी तीनदा वाचला. कळलं एवढंच, की सोमवारी बोलावलंय."

त्यानं वाचला. गोवराचा विषाणू सुमारे एक दशांश मायक्रॉन आकाराचा असतो. विभागातील फिल्टर तीन दशांश मायक्रॉन क्षमतेचे आहेत. सबब सदर विषाणू फिल्टरमधून आरपार जाणे तांत्रिकदृष्ट्या अटळ होते. तथापि, सफाई करणाऱ्या आयेच्या कपड्यांवरून तो खोली क्रमांक चारमध्ये पोहोचला असण्याची शक्यता अधिक ग्राह्य वाटते. सबब तिला निलंबित करण्यात येत असून सोमवारी सकाळी दहा वाजता तिने समितीपुढे खुलासा करावा. खुलासा समाधानकारक नसल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.

"दोनदा सबब," मायक्रॉन म्हणाला.

"ते मोजू नकोस रे. मी घालवलं का त्या मास्तरला, ते सांग."

चार नंबरच्या खोलीत एक शाळामास्तर होता. रक्ताचा आजार, औषधांनी त्याची सगळी ताकद धुऊन काढलेली. साधी सर्दीही अंगावर आली तर संपलं, अशा सहा जणांसाठी सहा काचेच्या खोल्या, छताला फिल्टर, गाळलेली हवा. ताई रोज सकाळी पुसायला गेली की मास्तर विचारायचा, "मावशी, बाहेर काय चाललंय?" मग ही सांगायची: न्हाव्याच्या पायरीवर कुत्रं झोपलंय, कोपऱ्यावरच्या बाईनं दुकानाची पाटी पुन्हा वाकडी लावलीय. मास्तर गुण द्यायचा. "दहापैकी सात. कुत्र्याचा रंग राहिला." दीड महिन्यापूर्वी त्याला गोवर झाला. बरोबर नऊ दिवसांनी खोली रिकामी झाली.

"कपड्यांवरून म्हणे," ताई म्हणाली. "दारात कपडे बदलते मी. गाऊन, टोपी, मोजे. माझ्या लग्नात एवढं नटवलं नव्हतं मला. आणि गोवर आपल्याला एकदा होऊन गेलाय ना? एकाच गादीवर पडलो होतो दोघं. तू माझ्या उशीवर ओकलास."

"ते तू अजून सोडलं नाहीस."

"उशी गेली ना माझी."

मायक्रॉन हसला नाही. त्यानं कागद पुन्हा समोर ओढला. त्याला त्या दोन कारणांचा वास येत होता. विषाणू फिल्टरमधून गेला, तर ताईच्या कपड्यांचं काय घेऊन बसलेत? कपड्यांवरून गेला, तर फिल्टरची रडकथा कशाला? खरं बोलणारा माणूस एक कारण देतो आणि गप्प बसतो. दोन कारणं देणारा तिसरं झाकत असतो. तिसरं काय?

"आणि हे पहिलं तर धडधडीत खोटं आहे," तो म्हणाला.

"म्हणजे विषाणू बारीक नसतो?"

"बारीक असतो. म्हणून तर तो जात नाही. फिल्टर म्हणजे तुझी पिठाची चाळण नव्हे, ताई, की भोकापेक्षा लहान ते खाली पडलं. आत काचेच्या तंतूंचं रान असतं. आता समज, अरुंद गल्ली आहे. जाडा माणूस घुसला तर?"

"अडकेल."

"आणि दारू प्यालेला किडकिडीत माणूस घुसला तर?"

"आमच्या खालच्या मजल्यावरच्यासारखा? तो तर मोकळ्या रस्त्यावरही भिंतीला धडकतो."

"तोच. फार बारीक कण असे झिंगलेले असतात. हवेचे रेणू त्यांना ढोसत राहतात, ते वेडेवाकडे भरकटतात, कुठल्यातरी तंतूला धडकतात आणि चिकटतात. चिकटले की सुटत नाहीत. निसटायची संधी कुणाला? मधल्याला. ना जाडा, ना झिंगलेला. तो साधारण तीन दशांशाचा. सगळ्यात डांबरट तो, म्हणून परीक्षा त्याच्यावर घेतात. आणि यांनी काय लिहिलं? तीन दशांशाचं भोक, एक दशांशाचा विषाणू, गेला आरपार. ज्यानं हे लिहिलं त्याला एकतर काही कळत नाही, नाहीतर सगळं कळतं."

"आणि दुसरं?"

"दुसरं म्हणजे विषाणू असा उघडा, एकटा फिरायला निघत नाही. थुंकीच्या थेंबात बसून जातो. थेंब वाळला तरी विषाणूच्या कितीतरी पट मोठा. समज, विषाणू मोहरीएवढा आहे. मग पाच मायक्रॉनचा थेंब सोललेल्या नारळाएवढा झाला. केस दीड मीटर रुंद."

ताईनं थोडा वेळ तो केस डोळ्यांपुढे आणला आणि सोडून दिला. मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "ती काळी रेघ कशाची असते मग?"

"कुठली?"

"चार नंबरला. छताच्या जाळीच्या कोपऱ्याला काळी रेघ यायची. बोटभर. मी रोज फडक्यानं पुसायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा. सिस्टरना सांगितलं. त्यांनी इंजिनिअर साहेबांना सांगितलं. साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, मावशी, पुसत राहा, पाहुण्यांना दिसता कामा नये."

मायक्रॉनचा हात कागदावरच थांबला. "रोज पुसलीस?"

"माझं कामच ते."

"किती दिवस?"

"महिने म्हण." तिचा आवाज खाली गेला. "का रे? काय पुसलं मी?"

काळी रेघ म्हणजे धूळ. फिल्टरमधून आलेल्या हवेत धूळ नसते. फिल्टरच्या कडेनं, फटीतून येणाऱ्या हवेत असते. जी रेघ समितीनं बघायला हवी होती ती त्याच्या बहिणीनं इमानेइतबारे, रोज सकाळी, मिटवली होती. आणि कुणीतरी तिला ती मिटवायला लावली होती.

शुक्रवारी सकाळी तो हॉस्पिटलात गेला. काचेच्या विभागाच्या दारावर आठ महिन्यांपासून पितळेची एक पाटी होती: शून्य कणांचा विभाग. तिच्याखालून तो कितीदा गेला होता. पाट्या बढाईखोरच असतात, म्हणून त्यानं कधी थांबून वाचली नव्हती. आज बारीक अक्षरंही वाचली. सहाही खोल्यांत तीन दशांश मायक्रॉनचे कण: शून्य. आठ महिन्यांपूर्वी त्या खोल्या त्यानंच मोजल्या होत्या.

शून्य? माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या अंगावरून दर मिनिटाला हजारो कण झडतात. खोलीत मोजणारा उभा, नळी धरलेली, आणि कण शून्य? दहा मान्य. दोनशे मान्य. एका खोलीत चुकून शून्य, तेही एक वेळ मान्य. पण सहाच्या सहा? त्यानं मोजून दिलेले आकडे कुणीतरी पुसले होते आणि शून्य टंकले होते, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका उरली नाही. मिळालं तिसरं कारण.

ताईला पुसत राहा म्हणणारे मोठे इंजिनिअर केबिनमध्ये होते. एरवी ते "ए मायक्रॉन" अशी हाक मारत आणि उभ्यानं बोलत. आज खुर्ची सरकवली.

"या, या. बसा. चहा घेणार?"

'बसा' ऐकूनच त्याला संशय आला. तो उभाच राहिला. "साहेब, आठ महिन्यांपूर्वीचं माझं मोजमाप बघायचंय."

"कशाला? उत्तम आहे ते. शून्य! याहून चांगलं काय असतं?"

"मला वाटतं, याहून वाईट काही नसतं."

इंजिनिअर हसले. हसणं जरा जास्त वेळ टिकलं. "तुमच्या बहिणीचं ऐकलं. फार वाईट वाटलं. पण समितीचं काम आहे, आपण मध्ये पडू नये. फाईल वर गेलीय. मिळणार नाही."

वर म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही आणि त्यानं विचारलं नाही. तो तळघरात रेकॉर्डच्या बाईंकडे गेला. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेली, निवृत्तीला चार महिने उरलेली बाई. तिचा कुणावरच विश्वास नव्हता, त्यामुळे मायक्रॉनचं तिच्याशी जमे.

"हात दाखव," बाई म्हणाल्या. त्यानं दाखवले. "पुस. घामट आहेत."

त्यानं पँटला पुसले. "फाईल वर गेलीय म्हणतात."

"गेली. आठ महिने कुणी कुत्रं विचारत नव्हतं, आणि मागच्या आठवड्यात दोनदा वर गेली. दोनदा. परत आली ती एका पानानं बारीक होऊन. मी वजनावरून ओळखते." बाईंनी खालचा ड्रॉवर उघडला. "पण तुझ्या यंत्रातून आकडे छापून निघते ती पट्टी फाईलमध्ये नसतेच मुळी. तो कागद उजेडात ठेवला की वर्षभरात कोरा होतो. म्हणून मी काळ्या पाकिटात ठेवते. वरच्यांना ते माहीत नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही." त्यांनी वही पुढे केली. "सही कर. वेळ टाक. आणि इथेच बघायची."

पाकिटातून पट्टी निघाली. गुंडाळीचा बाक अजून गेला नव्हता. मायक्रॉननं ती टेबलावर दोन्ही हातांनी दाबून धरली. आता खरे आकडे दिसणार होते. इंजिनिअरचा चेहरा कसा होईल हे त्यानं मनात बघूनही घेतलं.

खोली एक: शून्य, शून्य, शून्य, शून्य. खोली दोन: तसंच. सहापर्यंत तसंच.

त्यानं पट्टी उलटी केली, सुलटी केली. वरच्या कोपऱ्यात यंत्राचा क्रमांक होता. त्याच्याच यंत्राचा. फाडताना तो नेहमी पेनानं एक तिरकी रेघ मारतो. ती होती. त्याचीच. खोटी पट्टी अशी नसते. कुणी काही पुसलं नव्हतं. शून्य त्यानंच मोजलं होतं.

पहिली ओळ आठ वाजून बारा मिनिटांची. ती खोलीची नव्हे, यंत्राच्या स्वतःच्या तपासणीची. रोज सकाळी यंत्राच्या नळीच्या तोंडाला अंगठ्याएवढी एक पांढरी डबी लावतात. डबीत फिल्टर असतो. पाच मिनिटं यंत्र त्यातून श्वास घेतं, आकडा शून्य येतो, यंत्र स्वच्छ आहे अशी खात्री होते. मग डबी काढायची, खिशात टाकायची आणि कामाला लागायचं. दात घासण्याइतकी अंगवळणी पडलेली गोष्ट.

त्या दिवशी आठ वाजून सतरा मिनिटांनी फोन वाजला होता. इंजिनिअरचा. "मायक्रॉन, पाहुणे आलेत मान्यतेसाठी, यंत्र घेऊन खाली ये, दोन मिनिटं दाखव त्यांना." तो तसाच खाली गेला होता. पाहुण्यांपुढे यंत्र धरलं होतं. आकडा शून्य बघून पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या! मुख्य दारापाशी, पन्नास माणसं ये-जा करताना, शून्य. आणि त्याला बरं वाटलं होतं. मग इंजिनिअर घड्याळ दाखवत म्हणाले, अकराच्या आत सहाही खोल्या उरक, आणि तो वर पळाला. टोपी, गाऊन, मास्क, एक खोली, दुसरी खोली. पट्टी यंत्रातल्या खोबणीत आपोआप गुंडाळली जात होती. ती उलगडून कोण बघतो? फाडली, रेघ मारली, ऑफिसात दिली.

डबी नळीवरच होती. अख्खी सकाळ त्यानं सहा खोल्यांची हवा मोजलीच नाही. त्या डबीची हवा मोजली.

"पाणी देऊ?" रेकॉर्डच्या बाईंनी विचारलं.

"नको."

"मग पट्टी एवढी दाबू नकोस, फाटेल."

चार नंबरचा फिल्टर त्या मोजणीच्या पंधरा दिवस आधीच बदलला होता. बदललेला फिल्टर नीट बसलाय की नाही, हे बघण्यासाठीच तर मोजणी होती. कालपासून तो सगळ्यांवर संशय घेत हिंडला होता. इंजिनिअरवर, समितीवर, टंकणाऱ्या बाईवर. एक माणूस राहिला होता.

बाईंनी पट्टीची प्रत काढून दिली, तिच्यावर तारीख टाकून सही केली आणि म्हणाल्या, "कुणाला दाखवायची ते मी विचारत नाही. पण दाखव."

काचेच्या विभागाची सिस्टर त्याला ओळखत होती. चार नंबर मास्तर गेल्यापासून रिकामं होतं, फक्त हवा चालू. तिनं किल्ली दिली आणि दारात हाताची घडी घालून उभी राहिली. त्यानं डबी लावली. शून्य. डबी काढली. शर्टाच्या खिशात टाकली. पुन्हा नळीचं तोंड बघितलं. खिसा चाचपला, डबी होती. पुन्हा तोंड बघितलं.

"झालंय काय तुम्हाला?" सिस्टर म्हणाली.

शिडीवर चढून त्यानं नळी छताच्या जाळीच्या मध्याला धरली. चार. सात. तीन. उत्तम. मग कोपऱ्याकडे, काळी रेघ यायची तिकडे सरकवली. यंत्र कुरकुरत आकडे ओकायला लागलं. तीन दशांशाचे एकोणीस हजार. एक मायक्रॉनचे अकराशे. पाच मायक्रॉनचे त्र्याहत्तर.

पाचचे! फिल्टर विषाणूपुढे हरला असता, तर बारीक कण आले असते आणि मोठे अडकले असते. इथे जाडे, किडकिडीत, मधले, सगळे एका रांगेत चालत येत होते. त्यानं जाळी उघडून टॉर्च मारला. फिल्टरच्या कडेची फोमची पट्टी त्या कोपऱ्यात दुमडून बसली होती आणि चौथा स्क्रू नुसता हातानं फिरवून सोडलेला. फट अर्ध्या मिलिमीटरची. मोहरीच्या हिशेबानं दहा मीटरचं फाटक. तीन ट्रक शेजारीशेजारी आत येतील. तीच हवा खालच्या ओपीडीतून फिरून येत होती, आणि मास्तर पडला त्याच्या आधीच्या पंधरवड्यात ओपीडीच्या रजिस्टरात गोवराची दोन पोरं नोंदलेली होती.

शनिवारी ताईच्या घरी त्यानं सगळं सांगितलं. ती कपडे घड्या करत होती. ऐकताना थांबली नाही. सांगून झालं, तरी तिनं आणखी दोन टॉवेल घडी केले.

"म्हणजे तू."

"मी."

"आणि मी दोन दिवस सगळ्यांना सांगतेय, माझा भाऊ बघेल, त्याला सगळं बारीक दिसतं." तिनं टॉवेल गादीवर फेकला. "एवढी मोठी डबी दिसली नाही तुला? अंगठ्याएवढी?"

"नाही दिसली."

"तो मास्तर मला दहापैकी दहा कधी देणार होता माहितीय? घरी जाईल त्या दिवशी. म्हणायचा, एक तरी गुण राखून ठेवावा."

तेवढ्यात मायक्रॉनचा फोन वाजला. मोठे इंजिनिअर. सिस्टरनं किल्ली दिल्याचं त्यांच्यापर्यंत पोहोचलं होतं. त्यानं फोन ताईलाही ऐकू येईल असा ठेवला.

"मायक्रॉन, तुमचं नवीन मोजमाप ऐकलं. चांगलं केलंत. आपण असं करू. फट आताच सापडली असं दाखवू. फिल्टर बनवणाऱ्याचा दोष. सोमवारी समिती मावशींना ताकीद देऊन दुसऱ्या वॉर्डात घेईल, मी बोललोय. फक्त ते जुनं शून्य उकरू नका. त्यात तुमचंही नाव आहे, विसरू नका."

"साहेब, ते शून्य चुकीचं आहे हे तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी भेटू," म्हणून फोन बंद झाला.

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "ताकीद कशाची? मी काय केलंय, म्हणून ताकीद?"

"नोकरी राहील तुझी. मी तोंड उघडलं तर माझी जाईल, आणि तुझी राहीलच असंही नाही. तू सांग. तू म्हणशील तसं."

"माझ्या गळ्यात नको घालू हे!" ती एकदम ओरडली. मग खाली बसली, फेकलेला टॉवेल उचलला आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालायला लागली. "ती रेघ मी उद्या कुणी सांगितलं तरी पुसणार नाही. एवढं मला कळलंय. तुझं तू बघ."

सोमवारी दहा वाजता समितीच्या खोलीत लांब टेबलापलीकडे चौघं बसले होते. कडेला मोठे इंजिनिअर, समोर चहाचे कप. अध्यक्षांनी मायक्रॉनकडे बघून विचारलं, "हे कोण?"

"माझा खुलासा," ताई म्हणाली.

सदस्यांपैकी एक हसला आणि लगेच गंभीर झाला. अध्यक्षांनी नव्या मोजमापाचा कागद उचलला. "फट सापडल्याचं समजलं. उत्पादनातला दोष दिसतो. समिती मावशींच्या बाबतीत सौम्य धोरण—"

"थांबा," मायक्रॉन म्हणाला. त्यानं शर्टाच्या खिशातून पांढरी डबी काढून टेबलावर, अध्यक्षांच्या कपाशेजारी ठेवली. मग पट्टीची प्रत उलगडली. ती टेबलावरून लोंबायला लागली. "हे आठ महिन्यांपूर्वीचं मोजमाप. मी केलेलं. ही डबी नळीवरून काढायची मी विसरलो. सहाही खोल्या मी मोजल्याच नाहीत. चूक माझी. माझं नाव लिहा. मास्तरांच्या घरच्यांना मीच जाऊन सांगणार आहे."

इंजिनिअर कपातल्या चहाकडे बघत होते.

"बरं," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा चेहरा उजळल्यासारखा झाला. "मग प्रश्नच मिटला. जबाबदार व्यक्ती स्वतःहून—"

"मिटला नाही. आता माझं ऐका. मी विसरलो, एक सकाळ. ही पट्टी ऑफिसात गेली. टंकली गेली. इंजिनिअर साहेबांनी सही केली, अधीक्षकांनी केली, तुमच्यापैकी दोघांनी मान्यतेच्या कागदावर केली. या धंद्यात पहिल्या आठवड्यात शिकवतात, की सगळीकडे शून्य आलं तर आधी डबी बघ. तुम्ही पितळेची पाटी केलीत. त्या पाटीच्या भरवशावर मास्तरला चार नंबरमध्ये ठेवलंत. काळी रेघ दिसली तेव्हा ही बाई सांगायला आली, तिला म्हणालात पुसत राहा. माणूस मेल्यावर फाईल दोनदा वर गेली आणि एक पान कमी होऊन खाली आली. आणि मग तुम्ही लिहिलंत, विषाणू बारीक असतो."

"आवाज खाली," सचिव म्हणाले.

"विषाणू एक दशांशाचा आहे. ती फट पाचशे मायक्रॉनची. ही डबी पंचवीस हजार मायक्रॉनची. यातलं काय तुम्हाला दिसलं नाही?"

अध्यक्षांनी डबी पेनाच्या टोकानं थोडी बाजूला सरकवली. "आपलं म्हणणं समितीनं ऐकलं आहे. त्याची योग्य ती नोंद घेतली जाईल. आपण जाऊ शकता."

ताईनं शेजारची खुर्ची ओढली आणि बसली. मग भावाच्या बाहीला धरून त्यालाही खाली बसवलं.

"नोंद नको," मायक्रॉन म्हणाला. "ते पान कुणी काढलं? आणि त्या शून्यांवर सही करणाऱ्या चौघांपैकी एकाला तरी शंका आली होती की नाही? आली होती, तर गप्प का बसलात? आम्ही इथे बसलोय. उत्तर द्या."